डोहाळजेवण पुन्हा सुरू करायचंय? मग आधी कोणाचं होत नाही ते बघा

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाव हमरस्त्याला लागून आहे, निम्मी तरुण मंडळी पुण्या-मुंबईला. पूर्वी प्रत्येक सुनेचं सातव्या महिन्यात घरच्या सोप्यात डोहाळजेवण व्हायचं. आता ज्यांच्या हातात पैसा आहे ते तालुक्याच्या हॉलमध्ये फुग्यांची कमान लावून 'बेबी शॉवर' करतात आणि बाकीच्यांकडे काहीच होत नाही. गटानं ठरवलंय की गावात जुनी पद्धत परत आणायची. त्यासाठी विधींची बरोबर यादी हवी, खर्चाचा अंदाज हवा, आणि फोटोग्राफर लावावा का, हेही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्याच्या आटपाडी-खानापूर भागात अंगणवाडी सेविका म्हणून लागले, पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाले. सार्वजनिक डोहाळजेवणं किती केली त्याचा हिशोब ठेवला नाही, पण चुका लक्षात आहेत. त्यांच्या आधारावर सांगते.

ताई, यादी देते, पण तुमचं घोडं यादीपाशी अडलेलं नाही. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक आणि पाच फळं. हे कुठलाही वाणी न विचारता बांधून देतो. अडलंय ते तुमच्याच एका वाक्यात: 'बाकीच्यांकडे काहीच होत नाही.' आणि त्याच्या आधीचं वाक्य, 'पूर्वी प्रत्येक सुनेचं व्हायचं', ते जरा तपासून घ्या. तुमच्या गावातल्या साठीच्या पुढच्या दहा बायकांना विचारा, तुमचं झालं होतं का? मी विचारलं होतं. ज्यांचं झालं त्यांच्यात बहुतेक जणी बऱ्या खात्यापित्या घरच्या, आणि तेही पहिलटकरीण असतानाचं. दुसऱ्या खेपेला कुणी विचारलं नाही. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेले असले तर घरात उलट काळजीचंच वातावरण. वस्तीवरच्या मजूर बाईला आईनं एखादा डबा पाठवला तर तेच तिचं डोहाळजेवण. म्हणजे जुनी पद्धत जशीच्या तशी आणलीत तर 'बाकीच्यांकडे काहीच नाही' हेही तिच्याबरोबर परत येणार.

मग त्यात परत आणण्यासारखं काय आहे? माझ्या मते एकच गोष्ट, आणि ती शब्दातच आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलंय, एक तिचं आणि एक बाळाचं. त्यावरून दौहृद, दोहद, आणि आपले डोहाळे. ती जे मागेल ते द्यावं, असं तिथं स्पष्ट सांगितलंय. आता आपल्या घरातली सून आठवा. सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात उरेल ते खाणारी. त्या बाईला एक दिवस सगळ्यांच्या आधी पाटावर बसवायचं आणि 'तुला काय खावंसं वाटतंय' म्हणून विचारायचं. झोपाळा, चंद्रकोर, फुलांची वाडी हे सगळं त्या प्रश्नाच्या भोवतीचं नटणं. हॉलमधल्या कार्यक्रमाला मी नावं ठेवत नाही, हौसेला मोल नसतं. पण तिथं केकवर काय लिहायचं ते विचारतात, खायला काय हवं ते केटररच्या मेनूत आधीच ठरलेलं असतं.

माझी पहिली मोठी चूक सांगते. पोषण अभियान मार्च २०१८ ला सुरू झालं. त्यात अंगणवाडीत गर्भवतींची ओटी भरण्याचा कार्यक्रम घ्यायचा होता. आम्ही उत्साहात मंडप घातला. अकरा गर्भवती खुर्च्यांवर ओळीनं बसवल्या. पाहुणे दीड तास उशिरा आले, मग भाषणं. उन्हाळ्याचे दिवस. आठवा लागलेली एक मुलगी घेरी येऊन शेजारणीच्या अंगावर कलली. तिला सावलीत नेऊन पाणी दिलं, बरी झाली, पण कार्यक्रम थांबला नाही. व्यासपीठावर तेव्हा गर्भवतींनी विश्रांती घ्यावी यावर बोलणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अकरा जणींना काय खावंसं वाटत होतं, ते मला आजही माहीत नाही.

त्या दिवशी यादीत नावं चौदा होती. न आलेल्या तिघींकडे मी नंतर गेले आणि खरा अभ्यास तिथं झाला. एकीला दोन मुली होत्या, तिला 'उगाच गाजावाजा' नको होता. दुसरीचं आधीचं बाळ आठव्या महिन्यात गेलेलं, सासूला दृष्टीची भीती. तिसरीची आई विधवा. मुलगी म्हणाली, "आईला मागं उभं राहावं लागणार, मग मी पुढं कशाला बसू?"

तेव्हापासून मी गावात गेले की एवढंच विचारते: कोण येणार नाही, आणि का? तुमच्या गटाची पहिली बैठक यावरच घ्या. सामानाच्या यादीआधी ही यादी करा. गावातल्या गर्भवतींची नोंद अंगणवाडी सेविकेकडे आणि आशाताईंकडे असते, त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. मात्र ज्यांना तिसरा-चौथा महिना चालू आहे त्यांची नावं बैठकीत उघड करू नका. पूर्वी चोरओटी गुपचूप भरायचे, त्यात शहाणपण होतं.

आता विधवेचा प्रश्न, कारण तो तुमच्याकडेही येणार. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमच्याकडेही काही गावांत ठराव झाले. चांगलं झालं. पण ठराव दप्तरात राहतो, आणि ओटी भरायला कुणाला हाक मारायची ते सासू ठरवते. मी भांडून बघितलं, उपयोग झाला नाही. बायका ऐकून घेतात आणि घरी जाऊन आपलंच करतात. चाललं ते असं: कार्यक्रमाच्या चार दिवस आधी आम्ही प्रत्येक गर्भवतीला एकटीला विचारायला लागलो, 'तुझी पहिली ओटी कुणी भरावी?' डोहाळा म्हणूनच विचारायचं. डोहाळा मोडायचा नसतो हे सासूलाही मान्य असतं. निम्म्याहून जास्त मुली आईचं नाव घेतात. आई विधवा असली तरी आईचंच. आणि 'तिच्या मनातलं आहे' म्हटल्यावर सासूला नाही म्हणायला जागा राहत नाही. एका सासूनं तरीही कुरकुर केली, मग भरलेली ओटी बघून तिनंच विहिणीच्या हाताला धरून तिला पाटाजवळ बसवलं. मूल नसलेल्या बाईंना ओटी भरायला बोलवायचं तेही याच वाटेनं.

हे सगळीकडे असंच चालेल असं नाही. तुमचं गाव एकाच भावकीचं आहे की बारा जातींचं, वस्त्या किती लांब आहेत, ऊसतोडीला किती घरं जातात, यावर बरंच अवलंबून आहे. आमच्या दुष्काळी पट्ट्यात दिवाळीच्या आगंमागं टोळ्या कारखान्यांवर जातात. सातव्या महिन्याचा मुहूर्त धरून बसलो तर ती बाई तेव्हा कुठल्यातरी फडात मोळ्या उचलत असते. म्हणून आम्ही जाणाऱ्यांची ओटी पाचव्यात भरून मोकळं व्हायचो. म्हाताऱ्यांनी शास्त्र काढलं तेव्हा एकीनंच उत्तर दिलं, "फडावर कोण भरणार हाय तिची?" विषय संपला. ओटीबरोबर तिच्या तपासणीचं कार्ड, गोळ्या आणि जिथं टोळी उतरणार तिथल्या आरोग्य केंद्राचं नाव एका पिशवीत घालून द्यायचं.

उलट गलाईवाल्यांच्या सुना. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्यांच्या सुना बाळंतपणाला गावी येतात. अशीच एक कोइमतूरहून आली. तिकडं वळैकाप्पू म्हणतात, गर्भवतीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरतात, आणि तमिळनाडू सरकार अंगणवाड्यांमार्फत तो सामुदायिकही करतं, हे आम्हाला तिनं सांगितलं. आपल्याकडे हिरवा चुडा आहेच. मग त्या वर्षी गावातल्या कासारणीला बोलावलं आणि दुकानाच्या महागड्या साड्यांच्या ऐवजी सगळ्यांना हिरव्या बांगड्या भरल्या. खर्च निम्म्यावर आला. साडी द्यायची म्हटली की कुणाची कशी, हे सुरू होतं. बांगड्या सगळ्यांच्या सारख्याच.

मुसलमान घरांत सातव्या महिन्याला सतवासा असतो, त्यामुळे त्यांना यात काही परकं वाटत नाही, फक्त हळदीकुंकवाच्या वेळी आग्रह करू नका. बौद्ध वस्तीतल्या काही घरांनी आम्हाला नारळ-कुंकू नको म्हणून सांगितलं, फळं आणि बाळाची दुपटी चालतील म्हणाले. तसंच केलं. पंगत मात्र एकच ठेवा. कुणी 'आमची वेगळी बसवा' म्हणालं तर मी तो कार्यक्रम त्या गावात घेतला नसता, आणि एकदा घेतला नाहीच.

दोन गोष्टी जुन्या असूनही टाकून द्या. पहिली बर्फी-पेढ्याची. दोन झाकलेल्या वाट्या, बर्फी निघाली तर मुलगी आणि पेढा निघाला तर मुलगा. तुम्ही म्हणाल गंमत आहे. मीही तसंच म्हणायची. मग एका तिसऱ्या खेपेच्या मुलीनं झाकण उचललं, बर्फी निघाली, आणि सगळ्या हसत असताना तिचे डोळे सासूच्या तोंडाकडे लागलेले मी पाहिले. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे. वाटीचा खेळ काही गुन्हा नव्हे, पण मुलगा की मुलगी हाच प्रश्न आपण पाटावर मांडतो, तोही ज्या दिवशी तिचं कौतुक करायचं त्या दिवशी. त्याऐवजी आम्ही वाट्या पाच केल्या: चिंच, गूळ, भाजलेले शेंगदाणे, कैरीचं लोणचं, दही. ती कुठली उचलते त्यावरून बायका तिला चिडवतात. हशा तेवढाच होतो.

दुसरी म्हणजे प्रत्येक बाईनं गोडाचा घास भरवायचा. पंचवीस बायका म्हणजे पंचवीस घास पुरणपोळी. सातव्या महिन्यात जठर वर दाबलेलं असतं, जळजळ होते, आणि कुणाची साखर वाढलेली असेल तर विचारायलाच नको. घास आईचा आणि सासूचा, बस. बाकीच्यांनी ओटीत घालावं. साखर तपासून घेतली आहे का, हे आशाताईंना आधी विचारून ठेवा.

जेवणाचं सांगायचं तर शहरातल्या पाच प्रकारच्या भातांच्या मागं लागू नका. आमच्याकडे हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, थोडंसं पुरण आणि पानात लिंबाची फोड. म्हाताऱ्या बायका हे करायला एका पायावर तयार असतात, कारण सुनांना येत नाही म्हणून त्यांच्या हातचं राहून गेलेलं असतं. लिंबू विसरू नका, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. आणि पंगत उठल्या उठल्या चहा फिरवू नका, तो नेमकं उलटं करतो. शिधा घराघरातून मूठ-मूठ गोळा करा. पंचवीस-तीस बायकांच्या जेवणाला आम्हाला रोख फार लागलं नाही; तेल, गूळ, फळं आणि बांगड्या एवढंच विकत. आहेराची वही ठेवायची नाही. वही आली की ज्याच्याकडे द्यायला नाही तो येत नाही. आणि वाढायला पुरुषांना लावा. पहिल्यांदा लाजतात, दुसऱ्या पंगतीला आग्रह करायला शिकतात. बायको काय खाते, काय टाकते, हे नवऱ्याला कळायची ती एक संधी असते. कळ सुरू झाल्यावर गाडी कुणाची, १०८ ला फोन कोण करणार, मोठं पोर कुणाकडे ठेवायचं, हे त्याच वेळी त्यांच्याकडून वदवून घ्या. यावर भाषण नको, वाढता वाढता विचारायचं.

आता डोहाळे विचारण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त काम तिथं होतं. चार दिवस आधी एकटीला विचारायचं म्हटलं ते यासाठीही. सगळ्यांसमोर मुली 'पाणीपुरी' म्हणतात. एकटीला विचारलं की खरं बोलतात. एका मुलीनं मला कानात सांगितलं, "पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, दिवसाला चार-पाच संपतात." दुसरी भाजकी माती खायची, चोरून, कपाटात पुडी ठेवून. कालिदासाच्या रघुवंशातली राणी सुदक्षिणाही मातीच खायची, म्हणजे डोहाळा जुनाच आहे. पण माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ यांची ओढ लागली की रक्त कमी आहे का ते आधी बघायचं. पेन्सिलवालीचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं. गर्भवतीचं अकरा तरी असावं लागतं. गोळ्या तिला मिळत होत्या, १८० गोळ्यांचा हिशोब कार्डावर बरोबर लिहिलेला होता. त्या उशाखाली साठत होत्या, कारण मळमळायचं आणि काळी शी व्हायची म्हणून ती घाबरलेली. नर्सबाईंनी समजावलं, रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, कॅल्शियमची वेगळ्या वेळेला. पुढं डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं. हे कुठल्याही तपासणीच्या रांगेत कळलं नव्हतं. 'तुला काय खावंसं वाटतंय' या प्रश्नावर कळलं. देशात निम्म्याहून जास्त गर्भवतींना रक्तक्षय आहे, तेव्हा तुमच्या गावातही अशी एखादी असणारच. मात्र जे कानात सांगितलं ते कानातच राहिलं पाहिजे. विचारणारी बाई गटातली सगळ्यात कमी बोलणारी निवडा.

आणि एखादीला काहीच नको असेल तर नको. जिचं आधीचं बाळ गेलं होतं, तिची ओटी आम्ही अंगणवाडीच्या आतल्या खोलीत दार लोटून भरली. चौघीच होतो. गाणं नाही, पंगत नाही. तिला आंबट वरण हवं होतं, ते केलं.

म्हणजे करायचं कसं, तर: आधी न येणाऱ्यांची यादी, मग प्रत्येकीला एकटीला दोन प्रश्न, काय खाणार आणि पहिली ओटी कुणाच्या हातची, मग दुपारी, बाजाराचा दिवस टाळून, दोन तासांत आटपेल एवढंच. एका वेळी तीन-चार जणींच्या वर नको. दर दोन-तीन महिन्यांनी घेतलंत तर गावातल्या सगळ्यांची पाळी येते. पुढाऱ्यांना बोलवायचंच असेल तर पंगतीत वाढायला बोलवा. पहिल्या खेपेला जिचं कधीच झालं नसतं अशा एकीपासून सुरुवात करा. सरपंचांच्या सुनेपासून नको, तिचं तसंही होणार आहे.

राहिला फोटोग्राफर. लावू नका. कॅमेरा आला की बायका त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि जिच्या अंगावर बरी साडी नाही ती मागं सरकते. घरच्यांनी एखादा फोटो काढावा, स्टेटसला ठेवण्याआधी तिला विचारावं. पण एक जण मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांच्या शेजारी नक्की बसवा, गाण्यांसाठी. पहिल्या महिन्याला काय मागितलं, दुसऱ्याला काय, अशी नवव्यापर्यंत जाणारी डोहाळ्याची गाणी आता मोजक्याच जणींना येतात, आणि त्याही पाचव्या-सहाव्यापाशी अडखळतात. आमच्याकडे एक आजी सहाव्याला थांबल्या. दुसरी म्हणाली, आवळा मागितला. तिसरी म्हणाली, आवळा नव्हं, चिंच. दोघी हट्टाला पेटल्या, गाणं राहिलं बाजूला आणि पाटावरची मुलगी पोट धरून हसायला लागली. ते भांडण माझ्या मोबाइलमध्ये आहे. सहाव्या महिन्याचं अजून ठरलेलं नाही.